खाल्लेली पाने, न तोडलेली फुले : साताऱ्यातील एका परसबागेच्या प्रकल्प नोंदी

१८ मे २०२४

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडे चढत जाणाऱ्या उतारावर आमचे घर आहे आणि त्याच्या मागची मोकळी जागा साधारण अर्ध्या गुंठ्याची भरते. वीतभर मातीखाली मुरूम लागतो, त्यामुळे पावसाळ्यात पाणी साचत नाही आणि उन्हाळ्यात ओल टिकत नाही. सध्या तिथे एक जुनी लिंबोणी, कढीपत्त्याचे एक झाड आणि त्याच्या मुळांतून फुटलेले फुटवे, एकेरी लाल जास्वंद, तुळशीची काही झुडपे आणि कुंपणाला आपोआप उगवलेली रुई एवढेच आहे. फुलझाडे वाढवावीत आणि त्यांच्या निमित्ताने फुलपाखरे, मधमाश्या व पक्षी यांना अंगणात जागा करून द्यावी, असा हा वर्षभराचा प्रकल्प असून त्याच्या नोंदी येथे ठेवत आहे.

आरंभीच एक नियम ठरवला आहे. फुलझाड लावले की त्याच्या जोडीला कोणत्या तरी अळीचे खाद्य असलेले झाड लावायचे किंवा आहे ते राखायचे. फुलपाखरू मधासाठी कोणत्याही रंगीत फुलावर उतरते, मात्र अंडी ठराविक झाडांच्या पानांवरच घालते, कारण अळीला दुसरे पान चालत नाही. नुसत्या फुलांच्या बागेत फुलपाखरू घटकाभर थांबून पुढे जाते. त्याची पुढची पिढी आपल्या आवारात वाढावी असे वाटत असेल, तर आवारातील काही पाने खाल्ली जाणार हे आधीच मान्य केले पाहिजे.

९ जून २०२४

पाऊस सुरू झाल्यामुळे लागवड उरकून घेतली. वाफ्यांत शेणखत आणि गेल्या वर्षभराचा कुजलेला पालापाचोळा मिसळून गावठी झेंडू, तेरडा, अबोली आणि पिवळी कोरांटी लावली, तर कुंपणाच्या जाळीवर निळी गोकर्ण सोडली. गुलबक्षीच्या काळ्या बिया सासूबाईंनी कोरेगावहून, आपल्या माहेरच्या अंगणातून आणल्या होत्या, त्या न्हाणीच्या सांडपाण्याजवळ टोचल्या. कोरांटी निवडण्यामागे फुलाइतकेच पानाचेही कारण आहे, कारण पॅन्सी गटातील काही फुलपाखरांच्या अळ्या तिच्या पानांवर वाढतात.

दोन झाडे मुद्दाम टाळली. घाणेरीवर फुलपाखरांची झुंबड उडते हे खरे असले, तरी ती मूळची अमेरिकेतील आहे, पक्षी तिची फळे खाऊन बी दूरवर टाकतात आणि एकदा डोंगरउतारावर शिरली की ती खालचे गवत व झुडपे दाबून टाकते. डोंगर जिथे कुंपणाला लागून आहे, तिथे तर ती नकोच. नारिंगी कॉसमॉसचीही तीच गत आहे. तो वाफ्यात राहत नाही, रस्त्याच्या कडेने चालू लागतो.

कासच्या पठारावरून काही रोपे आणता येतील का, असे घरी येणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारतेच. पठारावरून रोप उपटून आणण्याची परवानगी नाही, हे पहिले उत्तर. दुसरे असे की, कासची फुले जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत, पावसाळ्यात चिखल आणि उरलेले आठ महिने कोरडे ऊन अशा परिस्थितीत वाढणारी आहेत, त्यामुळे आपल्या खतावलेल्या कुंडीत ती जगणार नाहीत. सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी किंवा पाणथळ जागेतला वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, हे जिथले तिथे जाऊन पाहावे. आपल्या नळाला कास तलावाचे पाणी येते, तेवढे नाते पुरेसे आहे.

२३ जून २०२४

लिंबोणीला कोवळी लाल-हिरवी पालवी फुटली आहे आणि तिच्यावर पिवळसर, मोहरीहून बारीक, गोल अंडी एकेक करून चिकटवलेली दिसत आहेत. पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचे जे फुलपाखरू आपल्याकडे सर्वत्र दिसते, त्याची ही अंडी आहेत. काही फुटली आहेत. अंड्यातून निघालेली अळी काळपट तपकिरी असून तिच्या पाठीवर मधोमध पांढरा पट्टा असतो, त्यामुळे ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटीसारखी दिसते आणि पक्षी तिच्याकडे फिरकत नाहीत. कात टाकत टाकत मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. काल अशा एका हिरव्या अळीला काडीने हलकेच डिवचले, तेव्हा तिने डोक्यामागून नारिंगी रंगाची, सापाच्या जिभेसारखी दुभंगलेली दोन शिंगे झटकन बाहेर काढली आणि सडक्या लिंबासारखा उग्र वास पसरला. क्षणभराने शिंगे आत गेली आणि अळी पुन्हा पान कुरतडू लागली. पानाच्या कडेपासून मधल्या शिरेपर्यंत ती ओळीने खात येते आणि अधूनमधून थांबून डोके वर करते.

शेजारच्या काकूंनी भिंतीवरून पाहून काळजीने सांगितले, "अगं, लिंबोणीवर अळ्या बघितल्यास का? पार पाला खाऊन टाकतील. एक फवारा मारून टाक की." झाड मोठे आहे, पुन्हा फुटेल, असे मी त्यांना म्हटले. त्यांचे समाधान झाले नाही आणि त्यांच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. नव्याने लावलेले हातभर रोप असते तर मीही अळ्या उचलून कढीपत्त्यावर नेऊन ठेवल्या असत्या, कारण त्या तिथेही तितक्याच आनंदाने जगतात. वाढलेल्या झाडाचे मात्र एवढ्याने काही बिघडत नाही. निंबोळी अर्क निरुपद्रवी समजला जातो, परंतु तो अळ्यांची भूक आणि वाढ रोखतो. त्यामुळे फुलपाखरांसाठी राखलेल्या झाडावर तोही मारायचा नाही, असे ठरवले आहे.

११ जुलै २०२४

संततधार. शंखी गोगलगायींनी झेंडूची निम्मी रोपे रात्रीत साफ केली. बॅटरी घेऊन त्या हाताने वेचल्या आणि मिठाच्या पाण्यात टाकल्या. सगळ्याच जिवांचे स्वागत करायचे नसते, हेही नोंदवून ठेवलेले बरे. ही गोगलगाय मूळची आफ्रिकेतली असून सोयाबीनच्या शेतकऱ्यांना तिने कसे जेरीस आणले आहे, हे सर्वांना ठाऊक आहे.

२८ जुलै २०२४

गेले काही दिवस पावसाचा जोर मोठा होता आणि मागच्या कोपऱ्यातल्या दगडांच्या ढिगाखाली बेडूक येऊन राहिले आहेत. ओल, आडोसा आणि किडे मिळाले की त्यांना आणखी काही लागत नाही.

पाण्याचा प्रश्न मात्र विचारपूर्वक सोडवावा लागला. पक्ष्यांसाठी मातीचे पसरट पात्र ठेवले आहे. त्यात एका बाजूला दगड ठेवल्यामुळे मधमाश्यांनाही कडेला बसून पाणी पिता येते, बुडण्याची भीती राहत नाही. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आरोग्य खात्याने सांगितलेला आठवड्याचा कोरडा दिवस पाळण्यामागचे गणित हेच आहे. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही टिकतात. म्हणून पात्र काथ्याने घासून उन्हात पालथे घालते. कमळासाठी ठेवलेल्या सिमेंटच्या टाकीत गप्पी मासे सोडले आहेत.

१८ ऑगस्ट २०२४

जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस आणि झेंडूच्या देठांवर मावा. दोन्हींच्या भोवती मुंग्यांची रांग आहे, कारण हे किडे जो गोड, चिकट स्राव सोडतात तो मुंग्यांना हवा असतो आणि त्याच्या मोबदल्यात मुंग्या त्यांची राखण करतात. जास्वंदीचे फार भरलेले शेंडे कापून टाकले, बाकीच्यावर नळीने पाण्याचा जोरदार मारा केला आणि खोडाला मुंग्या चढू नयेत म्हणून चिकट पट्टी गुंडाळली.

मावा तसाच ठेवला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यात लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या अळ्या दिसू लागल्या. या अळ्यांना पाहून कोणालाही त्या भुंगेऱ्याची आठवण होणार नाही, कारण त्या लांबट, करड्या, नारिंगी ठिपक्यांच्या आणि अंगावर बारीक काटे असलेल्या असतात, आणि नेमक्या याच कीड समजून चिरडल्या जातात. सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांना पिठ्या ढेकणावर सोडले जाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे परिचित आहेत. त्यांची अळी तर स्वतःच पांढऱ्या मेणाने माखलेली, पिठ्या ढेकणासारखीच दिसते. त्यामुळे पांढरे दिसले की दाबले, ही सवय मोडावी लागते. जे हालचाल करून फिरत आहे आणि इतरांना खात आहे, ते आपले.

११ सप्टेंबर २०२४

काल गौरी आल्या. आमच्याकडे तेरड्याच्या मुळासकट उपटलेल्या रोपांची गौर असते, त्यामुळे वाफ्यातील काही रोपे कमी झाली. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, परंतु रोप मात्र गणपतीच्या आधीपासून नवरात्रापर्यंत फुलत राहते. त्याच्या फुलाच्या मागे बारीक, वाकडी नळी असते, मध तिथे साठलेला असतो आणि ज्यांची सोंड लांब त्यांनाच तो मिळतो. उरलेल्या रोपांवर एक काळसर, बोटाएवढी अळी सापडली. बाजूने डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग आणि मागच्या टोकाला बारीक, ताठ शिंग. चालताना ती ते शिंग मागेपुढे हलवते. हा संध्याकाळी भुरभुरत येणारा मोठ्या अंगाचा पतंग, ज्याला पुष्कळजण पाखरू समजतात, त्याची अळी आहे. कोषात जाण्यासाठी ती जमिनीवरच्या पाल्यात उतरते, म्हणून तेरड्याखालचा पाला या महिन्यात झाडायचा नाही.

याच सुमारास घरात फुलांवरून चर्चा झाली. सासूबाई रोज पहाटे परडी घेऊन बाहेर पडतात आणि जास्वंद, गोकर्ण, अबोली, जे उमलले असेल ते देवासाठी आणतात. "पहाटे बागेत जावं आणि फूल तोडू नको म्हणावं, मग बाग लावली कशाला?" हा त्यांचा प्रश्न योग्य होता. फुलझाडांचे पूजेशी असलेले नाते आपल्या अंगणांत इतके जुने आहे की, ते वगळून केलेली कोणतीही योजना कागदावरच राहील. शेवटी वाटणी झाली. तगर, मोगरा, अबोली आणि जास्वंदीच्या घराकडच्या फांद्या परडीच्या. गोकर्ण, कोरांटी आणि जास्वंदीच्या कुंपणाकडच्या फांद्यांना हात लावायचा नाही. गुलबक्षीवर तंटा झाला नाही, कारण ती उमलते दिवे लागण्याच्या वेळी आणि पहाटेपर्यंत मिटू लागते. तिचे गिऱ्हाईक रात्रीचे आहे.

१२ ऑक्टोबर २०२४

दसरा. दारावरच्या तोरणासाठी बाजारातून भरगच्च गोंड्यांचा झेंडू आणला आणि अंगणातला गावठी झेंडू झाडावरच ठेवला, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहता आले. झेंडूचे एक फूल म्हणजे प्रत्यक्षात अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेला पाकळीसारखी दिसणारी फुले आणि मध्यभागी नळीसारखी बारीक फुले, ज्यांत मध आणि पराग असतात. गावठी झेंडूत मधला भाग उघडा असतो. हाराच्या झेंडूत निवड करत करत मधल्या नळ्यांच्याही पाकळ्या झाल्या आहेत. हाराला तो उत्तम आहे, दोन दिवस कोमेजत नाही, परंतु माशीने त्यात काय शोधावे? गावठी झेंडूवर सकाळी दहाच्या सुमारास माश्या आणि फुलपाखरे एकामागून एक उतरत असताना तोरणाकडे कोणी फिरकले नाही. दुहेरी जास्वंदीचेही तसेच आहे. तिच्यातला परागांचा दांडा पाकळ्यांत विरून गेलेला असतो. रोपवाटिकेत भरगच्च तेच पुढे मांडलेले असते, म्हणून एकेरी जात आग्रहाने मागून घ्यावी लागते.

जाता जाता एक गोष्ट. झेंडू मेक्सिकोकडून आपल्याकडे आला, तरी घाणेरीसारखा डोंगरात पसरला नाही. शिवाय त्याच्या मुळांतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे जमिनीतील सूत्रकृमी, म्हणजे मुळांना उपद्रव करणारे धाग्यासारखे बारीक कृमी, कमी होतात, म्हणून टोमॅटोच्या कडेने झेंडू लावण्याची पद्धत आहे. तेव्हा बाहेरचे ते सगळे वाईट, असा सरसकट नियम करता येत नाही.

१४ नोव्हेंबर २०२४

तुळशीची लग्ने सुरू आहेत. वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्या लागतात, नाहीतर झाड बियांवर जाऊन वाळते. मागच्या बाजूची तुळस मात्र मुद्दाम मंजिऱ्यांवर सोडली आहे. तिच्यावर फुलोरी आणि सातेरी या दोन्ही मधमाश्या असतात, पण या महिन्यातील खरे आकर्षण निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्यांचे आहे. त्या पोळे करत नाहीत, मादी मातीत बीळ करून त्यात अंडी घालते. वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या फुलातील पराग बारीक छिद्रातून बाहेर यावे लागतात, त्यासाठी ही माशी फुलाला बिलगून अंग थरथरवते. आपल्या पाळीव मधमाशीला हे जमत नाही. सूर्य मावळताना तिचे नर तुळशीच्या वाळक्या काडीवर येतात, काडी जबड्यात घट्ट धरतात आणि पाय मोकळे सोडून तसेच झोपतात. काल एका काडीवर ओळीने बसलेले पाहिले. काडी हलली तरी त्यांची पकड सुटली नाही. वाळकी काडी म्हणून ती छाटली असती, तर त्यांनी रात्र कुठे काढली असती कोण जाणे.

मधमाश्यांबद्दल आपल्या जिल्ह्याला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. महाबळेश्वरच्या जंगलातील मधाचा व्यवसाय जुना असून तेथील मांघर हे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पेटीत राहते ती सातेरी. आग्या उंच कडे किंवा इमारतींना पोळे लावते आणि पेटीत राहत नाही, फुलोरीचे हाताएवढे पोळे झुडपाच्या फांदीला असते. आमच्या अंगणात पेटी ठेवण्याचा विचार नाही, कारण घरापाठीमागे येणारी-जाणारी मुले आहेत आणि फुले असली की माश्या न बोलावता येतात.

८ डिसेंबर २०२४

कुंपणाजवळची रुई उपटण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तिचा चीक डोळ्यांत गेला तर खरोखर इजा होते, म्हणून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा बेताने तिच्याभोवती काट्यांची झोपाटी लावली आणि झाड ठेवले. शनिवारी मारुतीसाठी पाने नेणारे शेजारी आहेतच. तिच्या पानांवर प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराच्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्यांच्या अळ्या वाढत आहेत. रुईतील विष त्यांच्या अंगात साठते आणि फुलपाखरू झाल्यावरही राहते, त्यामुळे पक्षी एकदा चव घेतली की पुन्हा त्याच्या वाटेला जात नाहीत. मौज अशी की, त्याच्यासारखेच नारिंगी रंगाचे आणखी एक फुलपाखरू याच वाफ्यात उतरले. त्याच्या मादीने विषारी फुलपाखराचा वेश घेतलेला असतो, स्वतः तिच्यात विष नसते, आणि तिच्या अळ्या घोळीच्या भाजीवर वाढतात. म्हणून पायवाटेच्या कडेची घोळ भाजीसाठी काढताना थोडी तशीच ठेवली.

थंडीमुळे बाकी वर्दळ कमी आहे. गुलाबाच्या पानांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या अर्धवर्तुळाकार कापलेल्या दिसतात; ही कीड नव्हे, पान कापून आपल्या घरट्याला अस्तर लावणारी माशी आहे. वाळक्या बांबूच्या एका बाजूने बंद असलेल्या कांड्या ओसरीच्या छपराखाली आडव्या बांधल्या आहेत. त्यांतील दोनांची तोंडे पानांनी आणि मातीने लिंपली गेली आहेत.

१९ फेब्रुवारी २०२५

ओसरीसमोरच्या जास्वंदीच्या लोंबत्या फांदीला जांभळ्या शिंजिराच्या मादीने घरटे बांधले. कोळ्याच्या जाळ्यांच्या धाग्यांनी वाळकी पाने, सालीचे तुकडे आणि अळ्यांची विष्ठाही एकत्र ओवून केलेली ही लोंबती पिशवी दुरून अडकलेल्या कचऱ्यासारखी दिसते. बाजूला दार आणि दारावर छोटी पडवी. बांधकाम आणि उबवणे मादीच करते; नर पिल्लांना भरवण्याच्या वेळी हजर होतो. घरटे होईपर्यंत आम्ही ओसरीच्या कोपऱ्यातील कोळ्याची जाळी काढली नाहीत, आणि ती तेथून धागे उपसताना सासूबाईंनी दोनदा पाहिली.

पिल्ले बाहेर आल्यापासून खेपा वाढल्या आहेत. शिंजीर मधावर जगणारा पक्षी समजला जातो आणि मोठी पाखरे जास्वंदीच्या फुलांत चोच घालून मध पितातही, परंतु पिल्लांसाठी चोचीतून येते ते बहुतेक वेळा कोळी, बारीक माश्या आणि कोवळ्या अळ्या असतात. काल ती मादी लिंबोणी, कढीपत्ता आणि पुन्हा लिंबोणी अशी फिरत होती. वाढणाऱ्या पिल्लाला प्रथिने लागतात आणि मधात ती जवळजवळ नसतात. काकूंनी याच लिंबोणीवर फवारा मारायला सांगितले होते. काल त्या स्वतः भिंतीपाशी उभ्या राहून घरटे दाखवत होत्या, मात्र त्यांच्या लिंबोणीवर या वर्षीही फवारणी झाली आहे. दोन अंगणांमध्ये भिंत एवढीच आहे, त्यामुळे फवारणीच्या दिवशी आधी सांगावे, म्हणजे पाण्याचे पात्र झाकून ठेवता येईल, एवढे त्यांनी कबूल केले.

९ मार्च २०२५

उन्हाळ्याची तयारी. वाफ्यांवर वाळलेल्या गवताचे आच्छादन पसरले, कारण मुरमात ओल धरून ठेवण्याचा दुसरा स्वस्त उपाय नाही. मात्र भिंतीकडची दोन हात जमीन उघडी ठेवली आहे, निळ्या पट्ट्यांच्या माशीच्या बिळांसाठी. पाण्याचे पात्र सावलीत हलवून दिवसातून दोनदा भरायचे ठरले आहे. लिंबोणीवर मधूनच घोंगावून जाणारे मोठे काळे-निळे ब्ल्यू मॉर्मन, ज्याला महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याची अंडी अजून आढळली नाहीत, तरी लिंबाच्या कुळातील झाडे त्याला चालतात, म्हणून लिंबोणीच्या सावलीच्या बाजूची छाटणी पुढे ढकलली. येत्या पावसाळ्यासाठी सीताफळाचे एक रोप आणि ईश्वरीची वेल यांची मागणी रोपवाटिकेत नोंदवली आहे. ईश्वरीच्या वेलीवर लाल अंगाची, काळ्या पंखांची रोझ जातीची फुलपाखरे अंडी घालतात. तिला आधार म्हणून कुंपणाची पश्चिमेकडील जाळी मोकळी करायची, म्हणजे गोकर्णीचा विस्तार अर्ध्यावर आणावा लागेल, आणि त्यासाठी सासूबाईंची संमती अजून घ्यायची आहे.